पहिल्या दोन वर्षांचे गुण

या वेळच्या टपालात परदेशात वाढणाऱ्या मुलांबद्दलची पत्रं इतकी होती, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. नव्या देशात नुकत्याच आलेल्या मुलांच्या वर्गांवर मी बरीच वर्षं शिकवलं. त्यातली कित्येक मुलं आता नोकरीला लागली, काहींची स्वतःची मुलं शाळेत जातात. विषय जिव्हाळ्याचा आहे, उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही जर्मनीत येऊन जेमतेम आठ महिने झाले. मुलगा १३ वर्षांचा. आधीच्या शाळेत पहिल्या तिघांत असायचा, गणित म्हणजे तर डाव्या हातचा मळ. इथे तो नव्याने आलेल्या मुलांना भाषा शिकवणाऱ्या तयारी वर्गात होता. आता नियमित वर्गात घालायची वेळ आली, तर शाळा म्हणते हाउप्टशूलेला, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीच्या माध्यमिक शाळेला घाला, तिथे त्याला झेपेल. शिक्षिका चांगल्या आहेत, त्यांचा हेतू वाईट नाही. पण गणितातसुद्धा शेरा 'साधारण' असा आहे. मुलगा घरी म्हणतो, "मी इथे ढ आहे." त्याला या वयात इथे आणून आम्ही त्याचं नुकसान केलं का?

उत्तर : ताई, हाउप्टशूलेच्या कागदावर आज सही करू नका, वेळ मागून घ्या. हे सगळ्यात आधी सांगते, कारण अशा बैठका घाईत उरकतात आणि समोरची व्यक्ती सज्जन असली की पालक भिडेखातर मान डोलावून येतात.

तुमच्या मुलाला गणित किती येतं हे त्या शाळेने अजून पाहिलेलंच नाही. त्यांनी पाहिलंय ते त्याचं जर्मन. तिथल्या शाळांत वर्गातल्या तोंडी सहभागालाही गुण असतात आणि ते थोडेथोडके नसतात. बऱ्याच विषयांत लेखी परीक्षेच्या जोडीने त्यांचं वजन पडतं. म्हणजे गप्प बसणाऱ्या मुलाचे गुण तो पेपर लिहायला बसण्याआधीच कमी झालेले असतात.

माझ्या वर्गात याच वयाचा एक मुलगा होता. फळ्यावर समीकरण मांडलं की खडू घ्यायचा आणि तीन ओळींत सोडवून जागेवर जाऊन बसायचा. पण "हे असं का केलंस, सांग बघू" म्हटलं की खाली वाकून बुटाची नाडी सोडायचा आणि पुन्हा बांधायला घ्यायचा. नाडी बांधून होईपर्यंत प्रश्न दुसऱ्या कुणाकडे गेलेला असे. गणिताच्या शिक्षिकेने सहामाहीला त्याच्याबद्दल लिहिलं, 'सहभाग कमी, आत्मविश्वास कमी'. समीकरणांचा त्यात उल्लेख नव्हता. ती बाई प्रामाणिक होती, दिसलं ते तिने लिहिलं. पण पुढच्या वर्षी त्याला कुठल्या तुकडीत बसवायचं हे ठरलं ते त्या दोन ओळींवरून.

कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९८० च्या आसपास एक गोष्ट लक्षात आणून दिली. मैदानावर भांडण्यापुरती आणि मित्रांशी गप्पा मारण्यापुरती भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. पण इतिहासाचा धडा वाचून स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहायचं, प्रयोगात असं का झालं हे मांडायचं, यात बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. फसगत होते ती या मधल्या वर्षांत. मूल फाडफाड बोलायला लागलं की सगळ्यांना वाटतं भाषा आली, आणि मग गुण कमी पडले की दोष मुलाच्या डोक्याला दिला जातो. तुमच्या मुलाला तर आठच महिने झालेत. या गुणांवरून त्याच्याबद्दल काहीही ठरवणं चूक आहे, आणि हे तुम्ही बैठकीत तितक्याच स्पष्टपणे म्हणा.

आता वयाबद्दल. खोटा दिलासा देणार नाही. स्वीडनमध्ये आन्डर्स ब्योहलमार्क यांनी एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली. आईवडील तेच, घर तेच, फक्त देशात आले तेव्हाचं वय वेगळं. साधारण नवव्या वर्षानंतर आलेल्या भावंडाचे शालान्त गुण धाकट्यांपेक्षा घसरत जातात, असं त्यांना २००८ साली दिसलं. अमेरिकेत ब्लीक्ली आणि चिन या दोघांनी २००४ मध्ये जनगणनेच्या माहितीवरून असंच काही मांडलं होतं. इंग्रजी नसलेल्या देशांतून लहानपणीच आलेली मुलं मोठेपणी इंग्रजीत मागे राहत नाहीत, उशिरा आलेली राहतात. त्यांची कमाईही कमी राहते, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे ती शाळा-कॉलेज कमी वर्षं शिकतात. म्हणजे वय मध्ये येतं, हे खरं.

पण वय मध्ये येतं ते मुलाच्या मेंदूइतकंच शाळेच्या वेळापत्रकामुळेही. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथी संपली की, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांची वेगवेगळ्या पातळीच्या शाळांत वाटणी होते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये दोन वर्षं उशिरा. तुमचा मुलगा वाटणी झाल्यानंतर पोचला. त्याचं बोट कुणी धरलं नाही, कारण तो आला तेव्हा रांगा लागून गेल्या होत्या.

याचा परिणाम किती मोठा असतो, ते युरोपातल्या एका पाहणीत फार ठळक दिसलं. टाइज नावाचा हा प्रकल्प ८ देशांतल्या १५ शहरांत झाला. २००७-०८ च्या सुमारास स्थलांतरित कामगारांच्या, युरोपातच जन्मलेल्या, १८ ते ३५ वयाच्या मुलांच्या मुलाखती घेतल्या. त्यात तुर्की घरांतली मुलं जवळजवळ सगळीकडे होती. त्यांचे आईवडील बहुतांशी खेड्यांतून आलेले, फारसे न शिकलेले, कारखान्यांत राबलेले. मूळ सारखंच. तरी फ्रान्स आणि स्वीडनमधल्या मुलांचं उच्च शिक्षणापर्यंत पोचण्याचं प्रमाण जर्मनीतल्या मुलांच्या कित्येक पट होतं. फ्रान्समध्ये मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की बालशाळेत जातं आणि वाटणी होते पंधराव्या वर्षाच्या आसपास. भाषा पक्की व्हायला दहा-बारा वर्षं मिळतात. जर्मनीत त्या पिढीतली मुलं शाळेत उशिरा गेली, शाळा अर्ध्या दिवसाची, आणि दहाव्या वर्षी निकाल. मी शिकवत होते तेव्हा हे आकडे हाती नव्हते, पण एकाच घरातली दोन चुलत भावंडं दोन देशांत वाढल्यावर किती वेगळी होतात हे मात्र पाहत होते.

आता प्रत्यक्ष काय करायचं. त्याच्या जुन्या वह्या आणि गुणपत्रिका अधिकृत भाषांतर करून बैठकीला घेऊन जा. गणिताची, शब्दांवाचून आकड्यांची, एक चाचणी वेगळी घ्या म्हणा. नव्याने आलेल्या मुलांना भाषेच्या विषयात काही काळ गुण न देण्याची, किंवा परीक्षेत शब्दकोश आणि जादा वेळ देण्याची सोय बऱ्याच राज्यांत आहे. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून "आमच्या राज्यात काय तरतूद आहे, लेखी द्या" असं विचारा. जवळपास गेझाम्टशूले असेल तर तिची आधी चौकशी करा. तिथे सगळ्या पातळ्यांची मुलं एका छपराखाली असतात आणि निर्णय दोन-तीन वर्षं पुढे जातो. त्याला नेमकी तीच वर्षं हवी आहेत. विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमला दुसरी परकीय भाषा लागते, तिथे काही राज्यांत मुलाच्या घरच्या भाषेची परीक्षा घेऊन ती धरली जाते. परीक्षक मिळतो का हा प्रश्न असतो, पण विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही.

आणि इतकं करूनही हाउप्टशूलेच वाट्याला आली, तर दार बंद झालं असं मानू नका. दहावीला मधल्या पातळीचं प्रमाणपत्र चांगल्या गुणांनी मिळवलं की तिथून फाखओबरशूले (व्यवसायाच्या विषयांची वरच्या वर्गांची शाळा) किंवा व्यावसायिक गिम्नाझियम आणि पुढे उच्च शिक्षण, असा जिना आहे. रस्ता लांबचा आहे, दोन-तीन वर्षं जास्त जातात, पण माझ्या ओळखीची किती तरी मुलं त्यानेच वर गेली. शाळा निवडताना एवढं विचारा, "तुमच्याकडून दरवर्षी किती मुलं पुढच्या पायरीवर जातात?" ज्या शाळेला हे सांगता येत नाही ती टाळा.

आणि मुलासाठी एक करा. रोज थोडं गणित त्याला घरी त्याच्या स्वतःच्या भाषेत सोडवू द्या, त्याच्या आधीच्या वर्गाच्या पुढचं. हुशार असल्याचा अनुभव त्याला दिवसातून एकदा तरी यायला हवा. नुसतं "तू ढ नाहीस" म्हणून या वयाची मुलं ऐकत नाहीत.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं की घरीही शाळेचीच भाषा बोला, नाहीतर ती गोंधळेल. आमची ती भाषा कामचलाऊ आहे. काय करावं? — एक वडील

उत्तर : तुमच्या भाषेतच बोला. भरपूर बोला, गोष्टी सांगा, वाद घाला, का-कसं विचारा. कामचलाऊ भाषेत आईवडील मुलांशी सूचनांपुरतं बोलतात: जेव, झोप, दप्तर भर. त्यात मुलाला ना शाळेची भाषा मिळते ना घरची.

अमेरिकेत पोर्तेस आणि रुम्बाउत यांनी १९९२ पासून सॅन डिएगो आणि मायामी परिसरातल्या पाच हजारांहून जास्त मुलांचा माग विशीच्या मध्यापर्यंत ठेवला. इंग्रजीबरोबर आईवडिलांची भाषाही ज्यांनी नीट राखली, ती मुलं अभ्यासात मागे तर पडली नाहीतच, घरातले खटकेही त्यांच्यात कमी होते. उलट मुलं पुढे धावली आणि आईवडील भाषेत मागे राहिले अशा घरांत पंधरा-सोळाव्या वर्षी मुलांना चार शब्द सांगणारं कुणी उरलं नाही. बाईंना म्हणा, शाळेची भाषा तुम्ही द्या, आम्ही तिला वेळेवर आणि रोज पाठवू. बालवाडी चुकवू नका, एवढं त्यांचं जरूर ऐका.

प्रश्न : माझी मोठी मुलगी ११ वर्षांची आहे. बँक, दवाखाना, घरमालक, सगळीकडे तीच आमच्यासाठी बोलते. लोक कौतुक करतात. पण परवा माझ्या तपासणीचा रिपोर्ट डॉक्टरांनी तिला समजावला आणि तिने मला सांगताना अर्धा गाळला. हे मला नंतर कळलं. — एक आई

उत्तर : दुकान, पत्र, बसचं तिकीट, हे तिला करू द्या. त्याचा तिला अभिमान असेल आणि तो रास्त आहे. दवाखाना, वकील आणि पोलीस या तीन ठिकाणी तिला आजपासून नेऊ नका. तिने अर्धा रिपोर्ट गाळला तो तुम्हाला जपण्यासाठी, आणि तो अर्धा ती एकटी मनात घेऊन फिरत असेल. आज तिच्याजवळ बसा आणि "मला सगळं कळलंय, आता तू काळजी करू नकोस" एवढं सांगा. अनेक देशांत रुग्णालयाला दुभाषा देणं बंधनकारक असतं. अमेरिकेत तर तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलांवर दुभाष्याचं काम टाकायला आरोग्यसेवेच्या नियमांत मनाई आहे. भेटीची वेळ घेतानाच दुभाषा मागायचा, ऐनवेळी नाही.

प्रश्न : नमस्कार. मुलगा-सून अमेरिकेत. नातीला नावाजलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, ऊर भरून आला. आपली मुलं कुठेही गेली तरी पुढे, आणि शेजारच्या मेक्सिकन मुलांचं मात्र तसं नाही. शेवटी हा संस्कारांचाच भाग, नाही का? धाकटा नातू अभ्यासात बेताचा आहे, त्याला ताईचा दाखला देत असतो. — एक आजोबा

उत्तर : नातीचं मनापासून अभिनंदन. तिने कष्ट केले आहेत आणि तुमच्या घराने तिला साथ दिली आहे, त्यात शंका नाही. पण काका, तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला आणि शिकलेल्या, कौशल्य असलेल्या लोकांना दार उघडलं. त्या दाराने भारतातून कोण गेलं? डॉक्टर, इंजिनियर, संशोधक, पुढे संगणकवाले. तिथे गेलेल्या भारतीय प्रौढांत चारांपैकी तिघांहून जास्त लोक पदवीधर आहेत. भारतात हे प्रमाण याच्या जवळपासही नाही. म्हणजे गाळून गाळून माणसं गेली आणि मग आपण म्हणतो, पाहा यांची मुलं किती हुशार. सिंथिया फेलिसियानो या अभ्यासकाने २००५ मध्ये हेच तपासलं. स्थलांतरित लोक आपल्या मूळ देशातल्या लोकांपेक्षा किती जास्त शिकलेले आहेत, यावर त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा बराच भाग ठरतो असं तिला आढळलं.

शेजारच्या मेक्सिकन घराचं म्हणाल, तर अंतर कुठून मोजायचं हा प्रश्न आहे. जेनिफर ली आणि मिन झोऊ यांनी लॉस एंजेलिसमध्ये चिनी, व्हिएतनामी आणि मेक्सिकन घरांतल्या तरुणांचा अभ्यास केला. मेक्सिकन आईवडिलांपैकी बहुतेकांनी शाळाही पूर्ण केलेली नव्हती. त्यांच्या मुलांत पदवीधर होण्याचं प्रमाण आईवडिलांच्या दुपटीहून जास्त होतं. इंजिनियर बापाची मुलगी इंजिनियर झाली आणि तिसरी शिकलेल्या बापाचा मुलगा पदवीधर झाला, तर लांबचा पल्ला कुणी मारला? मला विचाराल तर दुसऱ्याने. अशा मुलांना मी शिकवलं आहे. घरी टेबल नसायचं, खोलीत चार माणसं झोपलेली असायची, आणि दिव्याचा उजेड कुणाच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून पोर बाथरूममध्ये बसून निबंध लिहायचं. त्या आईबापांचे संस्कार कमी होते असं मी कधीच म्हणणार नाही.

ही गोष्ट नवी नाही. अब्रामित्स्की, बूस्तान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरहून जास्त वर्षांच्या नोंदी जुळवून २०२१ मध्ये दाखवलं, की जवळजवळ प्रत्येक देशातून आलेल्या गरीब स्थलांतरितांची मुलं तिथल्याच गरीब घरांतल्या मुलांपेक्षा कमाईत वर चढली. पूर्वी इटलीहून आलेल्यांची चढली, आज मेक्सिको, चीनहून आलेल्यांचीही चढताहेत. त्यांनी दिलेलं एक कारण तर अगदी साधं आहे. परक्या देशातून आलेला माणूस जिथे काम आणि संधी जास्त तिथेच जाऊन राहतो, तिथला रहिवासी मात्र आपला गाव सोडायला तयार नसतो.

राहिला धाकटा नातू. "आपली मुलं पुढेच असतात" हे वाक्य तो बेताच्या मार्कांसकट ऐकतो, तेव्हा त्याला वाटतं की मग आपण 'आपल्यातले' नाही. अशी मुलं मी जवळून पाहिली आहेत. ती गुणपत्रिका लपवतात, मग कॉलेज सोडल्याचं लपवतात, शेवटी फोन उचलायचं बंद करतात. त्याला ताईचा दाखला देऊ नका. त्याला काय आवडतं ते विचारा आणि पुढच्या फोनवर त्याच विषयावर बोला.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची. सहाव्या वर्षापासून कॅनडात. शाळा-विद्यापीठ इथलं, गुण उत्तम, भाषेत कुणाला फरकही कळणार नाही. बरोबरीच्या मैत्रिणींना मुलाखतींची बोलावणी येतात, मला नाहीत. एकीने सुचवलं की अर्जावर नाव बदलून बघ. मला ते लागलं. पण खरंच तसं असतं का?

उत्तर : असतं. फिलिप ओरिओपोलोस यांनी टोरांटो परिसरातल्या नोकऱ्यांसाठी हजारो बनावट अर्ज पाठवून हे तपासलं, २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. शिक्षण कॅनडाचं, अनुभव कॅनडाचा, सगळं सारखं, फक्त नाव वेगळं. इंग्रजी नावाच्या अर्जांना भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नावांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त बोलावणी आली. विचारल्यावर कंपन्यांची माणसं भाषेची शंका सांगत, पण अर्जात भाषेवर प्रभुत्व असल्याचं लिहूनही फारसा फरक पडला नाही. जर्मनीत शिकाऊ उमेदवारीच्या अर्जांवर २०१४ साली असाच प्रयोग झाला. जर्मन नावाच्या मुलाला एका बोलावण्यासाठी सरासरी ५ अर्ज करावे लागले, तुर्की नावाच्या मुलाला ७. म्हणजे दोष तुझ्यात शोधणं आता थांबव, बाळा.

कॅनडात स्थलांतरितांच्या मुलांचं विद्यापीठापर्यंत पोचण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्तच आहे. शाळेतली दरी तुम्ही मुलांनी बुजवली. नोकरीच्या दारातली तशी बुजलेली नाही. ऑक्सफर्डचे अँथनी हीथ यांनी ब्रिटनमध्ये हेच वर्षानुवर्षं मोजलं आहे: शिक्षण सारखं असूनही अल्पसंख्याक घरांतल्या तरुणांत बेकारी जास्त राहते. शिवाय तुझ्या मैत्रिणीचा मामा कुठे तरी कामाला असतो, वडिलांचा मित्र "पाठव तिचा अर्ज माझ्याकडे" म्हणतो. तुझ्या आईवडिलांकडे ही माणसं नाहीत, आणि हे कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.

म्हणून नुसते ऑनलाइन अर्ज टाकत बसू नकोस. ज्या प्राध्यापकांकडे प्रकल्प केलास त्यांना भेट आणि थेट म्हण, "या क्षेत्रातल्या दोन माणसांशी माझी ओळख करून द्या." संकोच वाटेल, तरी म्हण. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीतून तुझ्याच विभागातली माणसं शोध. मोठ्या कंपन्यांना आधी अर्ज कर. ओरिओपोलोस आणि सहकाऱ्यांनी पुढे तपासलं तेव्हा मोठ्या कंपन्यांत नावामुळे पडणारा फरक लहान कंपन्यांपेक्षा बराच कमी निघाला, कारण तिथे अर्ज छाननीची पद्धत ठरलेली असते. कंत्राटी का होईना, पहिलं काम हाती आलं की पुढचं दार सोपं जातं.

नाव बदलायचं का, हे तूच ठरव. मी तुझ्या जागी असते तर बदललं नसतं. पण घरभाडं थकलेल्या एका माजी विद्यार्थिनीने बदललं, नोकरी मिळवली, आणि वर्षभराने ऑफिसच्या पाटीवर आपलं पूर्ण नाव लावून घेतलं. तिला मी नावं ठेवणार नाही.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची, चौथ्या वर्षी अमेरिकेत आली. माझा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, ती माझ्यावर अवलंबून म्हणून एच-४ व्हिसावर, ग्रीनकार्डाची रांग संपायचं नाव नाही. ती २१ ची झाली की काय? तिला अजून नीट सांगितलेलं नाही. — एक वडील

उत्तर : तिला याच आठवड्यात सांगा. तिच्या मैत्रिणी सुट्टीत काम करतात आणि ती करू शकत नाही, कारण एच-४ वरच्या मुलांना नोकरीची परवानगी नसते, हे तिच्या लक्षात आलंच असेल. तिला अर्धवट माहिती आहे आणि उरलेलं ती स्वतः घाबरून जुळवत असेल.

२१ व्या वर्षी एच-४ संपतो. वयाच्या चौथ्या वर्षी आली की विसाव्या, याने फरक पडत नाही. कागदपत्रांशिवाय आलेल्या मुलांसाठी २०१२ मध्ये हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी डाका योजना आली, तीही तिला लागू नाही, कारण तिची कागदपत्रं नेहमीच कायदेशीर होती. नियम पाळणाऱ्या घरातल्या मुलीला नियम पाळल्यामुळेच दार बंद, याचा मला अजूनही संताप येतो. अशी मुलं दोन लाखांहून जास्त आहेत असा अंदाज आहे, आणि त्यांच्यासाठी मांडलेली विधेयकं मंजूर झालेली नाहीत.

तुमच्या हातात आहे ते असं. २००२ च्या एका कायद्यानुसार तुमच्या ग्रीनकार्डासाठी कंपनीने भरलेला आय-१४० अर्ज जितके दिवस निर्णयाविना पडून होता, तितके दिवस तिच्या वयातून वजा होतात. तो अर्ज कधी भरला आणि कधी मंजूर झाला, या दोन तारखा शोधून इमिग्रेशन वकिलाला दाखवा. वजाबाकीनंतरही भागत नसेल, तर २१ पूर्ण व्हायच्या पुरेसं आधी एफ-१ विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करावा लागेल. निकालाला महिनोन्महिने लागतात, म्हणून २० वं लागताच तयारी हवी. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत तिला मिळणार नाही. पण अनेक राज्यांची सरकारी विद्यापीठं एच-४ वरच्या मुलांना स्थानिक रहिवाशांची फी लावतात. ती सवलत एफ-१ झाल्यावर टिकते का, हे प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाकडून लेखी घ्या. पदवीनंतर एफ-१ वर एक वर्ष काम करता येतं, विज्ञान, तंत्रज्ञान, गणिताच्या शाखांना आणखी दोन वर्षं. यासाठी विषय बदलावा असं मी म्हणणार नाही, पण हा हिशेब तिच्यासमोर मांडा आणि निवडू तिलाच द्या. कॅनडातल्या एक-दोन विद्यापीठांनाही अर्ज करून ठेवा. तिथे शिकून पुढे कायम राहण्याची वाट तुलनेने मोकळी आहे, आणि अर्जांच्या मुदती अमेरिकेतल्या अर्जांच्याच आगेमागे येतात.